एक लांब शिटी

6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तानात पहाटे 7.8 चा भूकंप झाला, दुपारी पुन्हा 7.5 चा. दुसऱ्याच दिवशी हवाई दलाच्या सी-17 विमानांतून एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं अदानाला उतरायला लागली. मी त्यातला एक. विमानातून उतरून दिसेल तो ढिगारा उपसायला घ्यायचा, असं परदेशी पथकाला चालत नाही. माणसं किती, श्वान किती, कटर-जनरेटर काय आणलंय, सगळं लिहून द्यायचं आणि यजमान देश सांगेल तिकडे जायचं. घाईत असलेल्या जवानाला हे कागद काढताना चीड येते. मलाही आली.

आमच्या वाट्याला गाझियानतेप प्रांतातलं नुरदागी आलं. तिथे आमच्या दलाने तुर्की सैनिकांच्या जोडीने दोन लहान मुलींना जिवंत बाहेर काढलं, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. मी सांगतोय ती इमारत त्या फोटोंत नाही.

मजले एकावर एक बसले होते; दोन स्लॅबमध्ये हात जाईल न जाईल एवढी फट. भिंतीवर नारिंगी स्प्रेने चौकोन काढलेला आणि त्यावर आडवी रेघ. म्हणजे आधीच्या पथकाने इथलं काम संपवलेलं. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीने ही खूण सगळे देश एकसारखीच करतात, एकाने तपासलेलं दुसऱ्याने पुन्हा उकरू नये म्हणून. पण समोर कपाटाच्या फळ्या पेटवून एक बाई बसल्या होत्या. मुलगा आत आहे, रात्री आवाज आला, असं त्यांचं म्हणणं. दुभाषा म्हणून आलेला पोरगा आमच्याकडे नुसता बघत राहिला.

साहेबांनी श्वान सोडलं. जिवंत माणसाचा वास लागला की ते भुंकतं. ते एका कोपऱ्यावर घुटमळलं, पण भुंकलं नाही.

मग आम्ही एक लांब शिटी मारली. तीन सेकंदांची. अर्थ एकच: काम थांबवा, शांतता. मला वाटलं, आपलीच माणसं थांबतील. पण पलीकडच्या प्लॉटवरचा तुर्की पोकलेन थांबला, त्यामागे कुठल्याशा देशाच्या पथकाचं ड्रिल थांबलं, कुणीतरी जनरेटर बंद केला. त्यांच्यातला एकही माणूस आम्हाला ओळखत नव्हता. आम्ही फटीत सेन्सर सरकवले, हेडफोन दाबून ऐकलं. काही नाही. जागा बदलून पुन्हा ऐकलं. काही नाही. एक लांब, एक आखूड शिटी, आणि पोकलेन पुन्हा घरघरला.

रेघ मारलेल्या जागेवर वेळ घालवला, असं नंतर आमच्यातलेच काही म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती शांतता आम्ही शेजारच्या ढिगाऱ्यांखालच्या माणसांच्या वेळातून घेतली होती. तरी साहेबांच्या जागी मी असतो, तर मीही श्वान सोडलंच असतं.

मी उमरगा तालुक्यातला. 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा एनडीआरएफ नव्हतंच. ते 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर, 2006 मध्ये उभं राहिलं. आमच्याकडच्या माणसांनी आधी हातानेच दगडमाती उपसली. कुणी थांबा म्हणालं असतं तरी ऐकायला कोण होतं?

हल्ली मॉक ड्रिलला गेलो की दोरखंड-स्ट्रेचर नंतर काढतो, शिटीचा सराव आधी घेतो. व्यासपीठावरचे पाहुणे मात्र लांब शिटीनंतरही बोलतच राहतात.