सटरफटर

परवा भाचीचा फोन आला. यंदाच बी.एस्सी.ला ॲडमिशन घेतलीय तिनं, पण आवाज असा की मला वाटलं घरातलं कोणीतरी दवाखान्यात आहे. "मामा, ओई कुठला घेऊ?" ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह हे कळेपर्यंतच माझी पाच मिनिटं गेली. नव्या शैक्षणिक धोरणात एक मेजर असतो, एक मायनर असतो, आणि हा ओई आपल्या शाखेच्या बाहेरचा घ्यावा लागतो, म्हणजे सायन्सवाल्यांनी आर्ट्स नाहीतर कॉमर्सकडचं काहीतरी. तिच्या यादीत मोडी लिपी होती, आणि ती घ्यावीशी वाटत होती, पण मैत्रिणी म्हणाल्या मोडीला स्कोप काय. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "खरं सांगू का, मला नक्की काय आवडतं तेच कळत नाही रे."

मी म्हटलं मोडी घे. आता मामा म्हटल्यावर काहीतरी ठाम बोलावं लागतं.

पण फोन ठेवल्यावर हसू आलं, कारण अठरा-एकोणीस वर्षांचा असताना मला हा प्रश्न कोणी विचारला असता तर मी तरी कुठं ठाम होतो. आमच्या वेळी तर सगळं उलटंच होतं, पहिल्या वर्षाला चार विषय आणि मग दरवर्षी गळत गळत शेवटच्या वर्षी एकच उरायचा, म्हणजे नरसाळंच की ते. आणि त्या नरसाळ्याच्या तोंडाशी लग्नाकार्यात भेटणारा प्रत्येक काका उभा. "मग? पुढं काय?" जेवणाच्या पंगतीत, जिलबी वाढता वाढता, पुढं काय. त्यावर कोल्हापुरात तेव्हा एकच रामबाण उत्तर होतं, "एमपीएससी करतोय." एवढं म्हटलं की चारेक वर्षं कोणी काही विचारत नाही. आमच्यातल्या नंद्यानं तर बारावीचा रिझल्ट लागला त्याच दिवशी हे सांगून टाकलं होतं, पुस्तक एकही न घेता.

तर आम्ही पाचजण. २००५ सालचा पूर नुकताच ओसरला होता, कॉलेज पुन्हा सुरू झालेलं पण लेक्चर होईलच याची खात्री नाही, त्यात लोडशेडिंग, त्यामुळं गेटसमोरच्या अण्णांच्या टपरीवर दिवस जायचा. मी आणि आसमा मॅथ्सवाले, रोहिणी बॉटनीची, सम्या केमिस्ट्रीचा, नंद्या कॉमर्सचा. यातला एकही विषय कोणी आवडीनं घेतला नव्हता, मार्क पडले तिकडं गेलो इतकंच. आणि गप्पा मात्र भलत्याच. एक दिवस आसमा वैतागून म्हणाली की तुम्ही लोक रोज इतकं बोलता आणि दुसऱ्या दिवशी कोणालाच काही आठवत नाही, त्यापेक्षा लिहून ठेवा की. तिनंच कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी लाँगबुक आणलं, खाकी कव्हर घातलं, आणि नाव काय द्यायचं यावर तीन कटिंग गेले. नंद्याला काहीतरी भारदस्त पाहिजे होतं. शेवटी अण्णाच गाळणी झटकत म्हणाले, "सटरफटर लिवा त्येच्यावर." लिहिलं.

वही दोन दिवस एकाकडं, मग पुढच्याकडं. नियम फार नव्हते. अभ्यासातलं काही लिहायचं नाही, आणि पुढं काय हे तर अजिबात लिहायचं नाही. दुसऱ्याचं खोडायचं नाही, काय भांडायचं ते समासात.

सम्यानं पहिल्याच पाळीला नऊ पानं फुटबॉल लिहिला. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना कुस्ती आणि तांबडा-पांढरा रस्सा, पण पेठेत वाढलेल्या पोराला विचाराल तर तो आधी शाहू स्टेडियम सांगणार. इथल्या तालमींच्याच फुटबॉलच्या टीम असतात, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, आणि मॅच असली की घराघरात फूट पडते, आतेभाऊ इकडं आणि मामेभाऊ तिकडं. सम्याचं वैशिष्ट्य असं की गोल कोणी मारला हे त्याच्या नऊ पानांत कुठंच नव्हतं. सगळं गोलकीपरबद्दल. आपली टीम भारी खेळत असेल तर बिचाऱ्याला दीड तास काहीच काम नसतं, मग तो काय करतो, खांबाला हात लावून येतो, ग्लोव्हज काढतो घालतो, मागच्या पोरांच्या शिव्या ऐकतो. समासात रोहिणीनं लिहिलं होतं, "हे वाचून पहिल्यांदा मॅच बघावीशी वाटली."

माझं मात्र हसं झालं. मी लिहिलं एसटीच्या नंबरांवर. कोल्हापूरचं पासिंग एमएच ०९, पण स्टँडवर उभा राहून बघा, लाल डब्यांवर ०९ जवळजवळ दिसतच नव्हतं, एमएच १२, १४, २०, मध्येच एखादी नागपूरची ३१. हे असं का, तर एसटीची बॉडी बांधायची स्वतःची वर्कशॉप तीन, पुण्याजवळ दापोडी, तेव्हाच्या औरंगाबादला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा, आणि गाडी जिथं बांधली तिथलंच पासिंग, मग ती जन्मभर गगनबावड्याला का फिरेना. हे मला एका डेपोतल्या मेकॅनिकनं सांगितलं होतं आणि मला ते इतकं भारी वाटलं होतं की काय सांगू. समासात चौघांचं मिळून एकच वाक्य, "बरं मग?" पण पुढं महिनाभर चौघंही रस्त्यात एसटी दिसली की आधी नंबर बघत होते, तेवढं मी बरोबर पकडलं.

रोहिणीचं आजोळ आंबा घाटाच्या बाजूला, तिनं कारवी लिहिली. कारवी सहा वर्षं नुसती हिरवी उभी असते, लोक तिच्या काठ्या तोडून कुडाच्या भिंतींना वापरतात, वरून शेणमातीचा लेप, आणि मग सातव्या वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा. तिची आजी सालं अशी मोजायची म्हणे, धाकटी मावशी कारवीच्या सालातली. खाली रोहिणीनं नियम मोडून एक ओळ टाकली होती, "हिला कोणी विचारत नाही सहा वर्षं काय करत होतीस." आम्ही सगळे खूश. फुलून बी पडलं की कारवी मरून जाते हे तिनं लिहिलंच नव्हतं, मला ते पुष्कळ नंतर कळलं, आणि तिला माहीत नसणार असं काही नाही, बॉटनीवाली होती शेवटी.

नंद्या खरी कॉर्नरजवळ राहायचा, तिथं तो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्यामुळं बाबूराव पेंटर त्याच्या डोक्यात बसलेले. नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस, शिल्पंही करायचा, त्याला सिनेमाचं वेड लागतं आणि कॅमेरा मिळत नाही म्हणून तो लेथवर पार्ट घडवून कॅमेराच तयार करतो, १९१८ साली, सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून. ज्या भावाबरोबर हे सुरू केलं ते आनंदराव तोपर्यंत गेलेले. नंद्यानं हे तीन पाळ्या ओढलं. मग प्रभात फिल्म कंपनीवर आला, आणि प्रभात काढणारेही पाचच होते हे सापडल्यावर त्याला आवरणं मुश्किल झालं. आपण पण पाच, ते पण कोल्हापुरातच सुरू झाले. समासात आसमा, "त्यांच्याकडे कॅमेरा होता. आपल्याकडे अण्णांची उधारी आहे."

या आसमाचं पान मला अजून जसंच्या तसं आठवतं. तिचे वडील शिलाई काम करायचे, आणि तिनं लिहिलं उरेबवर. लिहिलं म्हणजे जेमतेम दहा ओळी. एकाच कापडाच्या, एकाच लांबीच्या दोन पट्ट्या, चार चार बोटं असतील, पानावर टाचणीनं टाचलेल्या. एक सरळ कापलेली, धाग्याच्या दिशेनं. दुसरी उरेब, म्हणजे तिरकी, पंचेचाळीस अंशात. खाली लिहिलेलं, दोन्ही ओढून बघा. सरळ पट्टी ढिम्म हलायची नाही, उरेबची मात्र रबरासारखी ताणायची. कापड तेच, धागे तेच. गळ्याला, मुंढ्याला, जिथं गोलाई असते तिथं सरळ पट्टी लावली तर चुण्या पडतात, उरेब पट्टी मुकाट्यानं वळते. हे तिला वडिलांनी सहावीत शिकवलं होतं आणि कोन म्हणजे काय हे शाळेत शिकवायच्या आधीच तिला तो खडूनं कापडावर काढता येत होता. आम्ही चौघांनी ते वाचलंच नाही आधी, नुसत्या पट्ट्या ओढत बसलो. अण्णांनीपण ओढून बघितली, हात पुसून.

वही दीड वर्ष फिरली असेल. मध्ये सम्यानं ती सतरा दिवस हरवली, तालमीत बुटांखाली सापडली, एक कोपरा चिखलाचा झालेला. मग शेवटचं वर्ष आलं, एकच विषय, ज्याचा त्याचा, आणि टपरीवर पाचजण एकदम सापडेनात. कोणी ठरवून थांबवली नाही. शेवटच्या नोंदीत नंद्यानं फक्त "उद्या लिहितो" लिहिलंय. आता तो वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात आहे, एमपीएससीचं पुस्तक अजूनही घेतलेलं नाही. सम्या साखर कारखान्यात केमिस्ट, रोहिणी बँकेत, आसमा ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते, आणि मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधतो, ते समासातच शिकलो बहुतेक. ग्रुप आहे आमचा व्हॉट्सॲपवर, नाव अर्थात सटरफटर, पण त्यावर आता गुड मॉर्निंग आणि कोणाच्या तरी पोराची दहावी. मात्र परवाच रोहिणीनं कुठल्याशा फाट्यावरून एसटीचा फोटो टाकला होता, खाली काही न लिहिता, फक्त नंबरप्लेट झूम करून.

वही माझ्याकडंच आहे, कशी राहिली देव जाणे. रविवारी भाची आली तेव्हा कपाटावरून काढून दिली. तिनं दोन पानं कारवी वाचली, फुटबॉल सोडून दिला, अक्षर लागेना म्हणून. कॅमेऱ्याशी मात्र बराच वेळ होती. मग म्हणाली, "मामा, हे काय बाहेर आलंय, बुकमार्क आहे का?"

पान उघडलं. टाचणी गंजून कागदावर तपकिरी डाग पडलाय. सरळ पट्टी जशीच्या तशी, चार बोटं. शेजारची इतक्या हातांनी इतक्यांदा ओढलीय की ती आता पानात मावत नाही, वही मिटली तरी अर्धा इंच बाहेर लोंबते.

"ओढून बघ," म्हटलं.