तुम्ही विचारलंत म्हणून: काल दोन, आज पाच

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जेवताना, मुलांना रिंकवर सोडायला आलेल्या आईबाबांच्या घोळक्यात, प्रश्न तोच. "तुम्ही रेफरी लोक एकाच धक्क्याला एकदा दोन मिनिटं आणि एकदा पाच मिनिटं कशी देता हो?" अकरा हिवाळे मी मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये कॉलेज आइस हॉकीच्या मॅचेस केल्या, डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या खालच्या श्रेणीच्या. अकराही हिवाळे हसून विषय बदलला. आता स्केट्स गॅरेजमध्ये टांगलेत, तर सांगतो. दोन किंवा पाच मिनिटं म्हणजे शिक्षा: तेवढा वेळ पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं आणि टीमनं एक खेळाडू कमी घेऊन खेळायचं.

आधी माझ्या बाजूचं. आमच्यातले बहुतेक जण नोकरी सांभाळून हे करतात. शुक्रवारी दुपारी लॅपटॉप मिटायचा, बर्फातून तीन तास गाडी हाणायची आणि रात्री वीस वर्षांची, अंगानं माझ्या दीडपट पोरं आवरायची. शिवाय प्रत्येक कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचे, रेफरी वेगळे. नियमांचं पुस्तक एकच, पण हिवाळाभर एकमेकांबरोबर काम करून त्या त्या ठिकाणची एक रेघ ठरून जाते: स्टिक हातावर किती लागली की शिटी, किती लागली तर चालू द्या. डिव्हिजन वनमध्ये मार्चला सोळा टीम्सची राष्ट्रीय स्पर्धा होते, हरलात की घरी. तिथे दोन कॉन्फरन्सच्या टीम्स समोरासमोर आल्या की रेफरी तिसऱ्याच कॉन्फरन्सचे आणतात, पक्षपात नको म्हणून. पक्षपात टळतो, पण टीमला हिवाळाभर अंगवळणी पडलेली रेघ ऐन वेळी हलते. यात माझा काय दोष?

हे उत्तर मी इतक्यांदा दिलंय की मलाच ते पाठ झालंय. त्यात एक खोट आहे. ज्या दोन रात्रींमुळे मी हे लिहितोय, त्या रात्री कॉन्फरन्स एक, टीम्स त्याच, रिंक तेच आणि रेफरीही मीच होतो.

फेब्रुवारीचा शेवट. कॉलेज हॉकीत शुक्रवार-शनिवार त्याच दोन टीम्स लागोपाठ खेळतात, तशीच जोडी. शुक्रवारी दुसऱ्या पीरियडमध्ये यजमानांचा एक डिफेन्समन पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, घ्यायला कोपऱ्यात गेला, तोंड रिंकच्या कडेच्या फळीकडे. मागून पाहुण्यांचा एक जण आला आणि दोन्ही हात पाठीत. मुलगा फळीवर आदळला. मी वीसेक फुटांवर होतो. धक्का बसताना त्याच्या पाठीवरचा नंबर मला स्वच्छ दिसला, म्हणजे धक्का मागूनच, वादच नाही. हात वर केला.

पुस्तकात हे 'हिटिंग फ्रॉम बिहाइंड'. फळीवर असेल तर पाच मिनिटं आणि खेळाडू बाहेर, रेफरीला दुसरा पर्याय नाही. पण त्याच धक्क्याला 'बोर्डिंग' म्हटलं, की दोन द्यायची की पाच हे माझ्या हातात. कोपऱ्यापासून पेनल्टी बॉक्सपर्यंत जाताना मी नाव बदललं. मुलगा आपला आपण उठला होता, स्कोअर बरोबरीत होता, मॅच शांत चालली होती. स्कोअररच्या खिडकीशी जाऊन म्हणालो, "बोर्डिंग, दोन."

शनिवारी तो मुलगा वॉर्म-अपला उतरला नाही. कोट घालून, काळा चष्मा लावून वर गॅलरीत बसला होता. मी त्याच्याकडे तीन-चारदा पाहिलं असेल.

तिसऱ्या पीरियडमध्ये तसाच धक्का, या वेळी यजमानांकडून. पाहुण्यांचा मुलगा शेवटच्या क्षणी स्वतःच पाठ करून वळला, असं माझ्या जोडीदार रेफरीचं म्हणणं होतं. मी पाच दिली, धक्का देणाऱ्याला मॅचबाहेर काढलं. दोन मिनिटांची शिक्षा गोल झाला की संपते, पाचाची संपत नाही. त्या पाचात पाहुण्यांचे दोन गोल झाले. यजमान ४-३ नं हरले, सीझन संपला.

त्यांचा कॅप्टन आला. आवाज न चढवता म्हणाला, "सर, काल दोन, आज पाच?"

"आजचं बरोबर आहे."

"मग काल?"

मी त्याला बेंचवर जायला सांगितलं.

आमच्यातला एक जुना रेफरी म्हणायचा, शुक्रवारी चूक केलीस तर शनिवारी तीच कर, पोरांना निदान कळू दे. तेव्हा मला हे निर्लज्जपणाचं वाटायचं. चुकलेलं दुसऱ्या दिवशी सुधारू नये? आता अर्धं पटतं. पोरं पुस्तक वाचून खेळत नाहीत, आम्हाला वाचून खेळतात, आणि मी शुक्रवारी त्यांना दोन वाचायला दिली होती. पण उरलेलं अर्धं तो काळा चष्मा पटू देत नाही. शनिवारीही दोनच दिली असती तर तुम्ही मला सुसंगत म्हटलं असतंत, नाही का?

सांगलीत आमच्या लहानपणी कबड्डीचा सामना संपला की पंचांना घरापर्यंत सोडायला पाचपन्नास माणसं जायची. प्रेमानं नव्हे. इथे कुणी आलं नाही, मी एकटाच गाडीवरचा बर्फ खरवडत उभा होतो.

आणि तुम्ही विचारलंतच, तर हेही. शनिवारच्या त्या मुलाचा नंबर मला धक्का बसताना दिसला की तो खाली पडल्यावर, हे मला छातीठोक सांगता येत नाही. शुक्रवारचा दिसला होता. तेवीस.