मी रिकीचा

कोल्हापूरला सुट्टीवर आलो की भाचरं, मित्र, शेजारचे काका, सगळे एकच विचारतात: मँचेस्टरला राहतोस, मग फुटबॉलमध्ये युनायटेडचा की सिटीचा? परवा तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो. मी रिकी हॅटनचा.

हा फुटबॉलवाला नाही, बॉक्सर. मँचेस्टरच्या पूर्वेला हाईड आहे, त्याला लागून हॅटर्सली. शहरातल्या मोडकळीला आलेल्या वस्त्यांतली कुटुंबं हलवायला १९६० च्या दशकात तिथे भाड्याची सरकारी घरं बांधली. रिकी त्या वसाहतीत वाढला. वडिलांचा गालिच्यांचा धंदा होता, त्यात तोही लोकांच्या घरी गालिचे बसवायला जायचा. पुढे अशाच घरांतली माणसं तिकिटं काढून त्याच्या लढती बघायला जमू लागली.

मी हाईडला नवा होतो तेव्हा शेजाऱ्याच्या भावाला ऐनवेळी जमेना, म्हणून एक तिकीट माझ्या वाट्याला आलं. जून २००५. समोर कोस्त्या झ्यू, जगज्जेता. अमेरिकेतल्या टीव्हीची वेळ साधायची म्हणून लढत रात्री दोनला! २२,००० माणसं जागी. बॉक्सिंगमधलं मला ओ का ठो कळत नव्हतं, पण एवढं दिसत होतं की रिकी त्याला श्वास घ्यायला जागा देत नाहीये. अंगाला भिडायचं, रेटायचं आणि डाव्या हाताचा ठोसा बरगडीखाली हाणायचा, हे अकरा फेऱ्या चाललं. बाराव्या फेरीआधी झ्यूच्या प्रशिक्षकानं त्याला स्टुलावरून उठूच दिलं नाही, म्हणजे रिकी जिंकला. छत उडेल की काय असं वाटलं. नाव-गाव माहीत नसलेला एक धिप्पाड माणूस माझ्या गळ्यात पडून रडत होता.

आणि मला आठवलं खासबाग मैदान. आबांच्या खांद्यावर बसून बघितलेल्या कुस्त्या, हलगीचा कडकडाट, आपल्या तालमीचा पैलवान आखाड्यात उतरला की शेजारी बसलेल्यांच्या अंगात येणारं वारं. परदेशात आल्यापासून पहिल्यांदा त्या रात्री मला परकं वाटलं नाही.

तो कधी गाव सोडून गेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जगज्जेता झाल्यावरही हाईडलाच राहिला, पबमध्ये डार्ट्स खेळत बसायचा. दोन लढतींच्या मधे वजन भरमसाट वाढायचं. लोक चिडवायचे, त्यांच्यात त्याचाही आवाज असायचा. २००७ मध्ये अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरशी लढायला तो लास वेगासला गेला, तेव्हा हजारो माणसं मागोमाग विमानानं गेली. कितीजणांकडे तर आत जायचं तिकीटही नव्हतं. दहाव्या फेरीत तो हरला. व्यावसायिक लढतींतली पहिली हार. पुढच्याच मे महिन्यात सिटीच्या स्टेडियमवर ५०,००० हून जास्त लोक त्याच्यासाठी जमले!

२००९ मध्ये फिलिपिन्सच्या पॅकियाओनं त्याला दुसऱ्याच फेरीत झोपवलं. त्यानंतर त्याचे दिवस वाईट गेले. आपल्याला नैराश्यानं ग्रासलंय, हे त्यानं उघडपणे सांगितलं. एवढा रांगडा गडी हे बोलतो म्हटल्यावर आमच्या कामावरचे दोघेजण पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले, हे मी स्वतः पाहिलंय. नोव्हेंबर २०१२ मध्ये तो पुन्हा रिंगणात उतरला. प्रतिस्पर्धी कोण हे ठरायच्या आतच तिकिटं संपली होती. नवव्या फेरीत युक्रेनच्या सेन्चेन्कोचा ठोसा बरगडीखाली बसला आणि रिकी हरला. तोच ठोसा, ज्यावर रिकीनं आयुष्यभर लढती जिंकल्या. त्याच रात्री त्यानं निवृत्ती जाहीर केली.

१४ सप्टेंबर २०२५ ला तो गेला, वयाच्या ४६ व्या वर्षी. ऑक्टोबरात अंत्ययात्रा हाईडमधून निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं होती. तिकीट देणारा माझा शेजारी बरोबर होता, काठी टेकत आलेला. गाडी समोरून गेली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. त्यानं काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.