वादळानंतर वाडीत उरलेले बुंधे

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या वाडीत दोन माड मुळांसकट कलंडले आणि आजोबांनी लावलेला हापूस कंबरेएवढ्या उंचीवर मोडला. आडवी पडलेली खोडे हलवण्यात पहिला आठवडा गेला. खरा प्रश्न त्यानंतर उरला, तो बुंध्यांचा. जेसीबीवाला दारात येऊन, तिन्ही बुंधे एका दिवसात उपटून देतो, असे सांगत होता. वडील म्हणाले, "माडाचे आजच काढ, आंब्याला हात लावू नकोस." त्या वेळी मला हा केवळ जिव्हाळा वाटला. त्यामागे पक्का हिशेब होता, हे नंतर कळले.

माडाला वाढीचा एकच कोंब असतो आणि तो शेंड्यात असतो. शेंडा गेला की बुंध्यातून पुन्हा काही फुटत नाही. शिवाय कुजणारे माडाचे लाकूड म्हणजे गेंड्या भुंग्याचे माहेरच होय. त्याच्या अळ्या त्या कुजक्या भुशात वाढतात आणि बाहेर पडलेले भुंगे शेजारच्या उभ्या माडांचे कोवळे कोंब पोखरतात. नंतर उलगडणाऱ्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतात. वादळातून वाचलेले अकरा माड आम्हाला अशा रीतीने गमवायचे नव्हते. माडाला सोटमूळ नसते, त्यामुळे भोवतालची मुळे कुऱ्हाडीने तोडून पहारेने बुंधा उचकटणे दोन माणसांना जमले. मात्र एका बुंध्याशी मुळांचा मातीसकट गड्डा उभा राहिला होता, आणि खोड करवतीने तोडताच त्याचा भार सुटून तो धाडकन पुन्हा खड्ड्यात बसला. मुले काही वेळापूर्वी त्याच खड्ड्यात खेळत होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. कलंडलेल्या झाडाचे खोड तोडण्यापूर्वी खड्ड्याकडची बाजू मोकळी करावी, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

आंब्याची गोष्ट वेगळी होती. झाड कलमी असल्यामुळे ते कलमाच्या जोडाच्या वर मोडले की खाली, यावर सारे अवलंबून होते. जोडाच्या खालून फुटणारी फूट, ज्यावर कलम बांधले त्या मूळ रायवळाची, म्हणजे गावठी आंब्याची असते, तिला हापूस लागत नाही. जमिनीपासून वीतभर उंचीवरचा जोडाचा फुगवटा वडिलांनी मला बोटाने दाखवला. झाड त्याच्या बरेच वर मोडले होते. मग चिरफाळलेला भाग पाणी साचू नये म्हणून तिरका कापला आणि त्यावर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, असे मिश्रण लावले. पावसामुळे ते दोनदा पुन्हा लावावे लागले.

श्रावणात सालीतून इतके कोंब फुटले की मोजता येईनात. त्यांतले बाहेरच्या दिशेने वाढणारे चार जोमदार कोंब ठेवून, बाकीचे काढताना माझा हात अडखळत होता. जोडाखालची फूट मात्र दिसताक्षणी खुडली आणि अजूनही खुडतो. २०२४ च्या मे महिन्यात त्या चार फांद्यांपैकी एकीवर सात आंबे आले. वडिलांनी पहिला आंबा स्वतः कापला आणि त्याची कोय धुऊन खिडकीत वाळत ठेवली.