शेपटीचा आडवा छेद

साध्या मायक्रोस्कोपखाली वीर्याच्या त्या नमुन्यात काही खोट दिसत नव्हती. डोकी लंबगोल, चार-पाच मायक्रॉन लांब, शेपट्या सरळ आणि पूर्ण. फक्त एकही शुक्राणू हलत नव्हता. मेले असतील म्हणून इओसिन घातलं. मेलेली पेशी हा रंग आत घेते आणि गुलाबी-लाल होते. इथे बहुतेक डोकी कोरीच राहिली. जिवंत होते, पण जागच्या जागी.

असे नमुने मग माझ्याकडे येतात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर. प्रकाशात साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, आणि शेपटी हलवणारं सगळं यंत्र, ज्याला आम्ही ॲक्सोनीम म्हणतो, तेच मुळी तेवढ्या जाडीचं. आत बघायचं तर शेपटी कापावी लागते.

कापायची म्हणजे: पेशी आहे तशी पक्की करायला ग्लुटाराल्डिहाइड आणि ऑस्मियम, ती बसवायला घट्ट होणारं रेझिन आणि मग हिऱ्याच्या सुरीने ६०-७० नॅनोमीटरचे काप. ते सुरीलगतच्या पाण्यावर तरंगतात. चंदेरी दिसले तर चांगले, सोनेरी दिसले तर थोडे जाड. त्यांना हलकेच ढकलून गोळा करायला काडीला चिकटवलेला पापणीचा केस वापरतात. एवढ्या महागड्या यंत्रांच्या खोलीत हे हत्यार बघून नवे लोक हसतात. माझ्या काडीवरचा केस माझाच आहे.

शेपट्या रेझिनमध्ये वाटेल तशा पडलेल्या असतात, त्यामुळे बरोबर आडवा कापला गेलेला छेद शोधण्यात दुपार जाते. तो सापडला की मात्र बघत राहावंसं वाटतं. मधोमध दोन सूक्ष्मनलिका, भोवती नऊ जोड्या, त्यांच्या बाहेर नऊ जाड तंतू. पहिल्याच वर्षी मी एका छेदात हे जाड तंतू मोजले तर सातच भरले! दोन गायब. मोठा दोष सापडला म्हणून धावत गेले. सरांनी फोटोकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "अगं, हा शेपटीच्या डोक्यापासून दूरच्या भागातला छेद. तिसरा आणि आठवा तंतू तिथवर पोचतच नाहीत." त्यानंतर छेद शेपटीच्या कुठल्या भागातला आहे हे ठरवल्याशिवाय मी काही मोजत नाही.

(शुक्राणू पहिल्यांदा नोंदवला लेवेनहूकने, १६७७ मध्ये. तरी मानवी शुक्राणूच्या शेपटीच्या टोकाशी, सूक्ष्मनलिकांच्या आत, एक सर्पिल रचना आहे हे कळलं २०१८ मध्ये, क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने. त्यात पेशी रसायनात न बुडवता झटकन गोठवतात. मला त्या यंत्राचा हेवा वाटतो.)

तर तो नमुना. नऊ जोड्या होत्या, मधल्या दोन नलिका होत्या, जाड तंतूही जागेवर. पण प्रत्येक जोडीतून शेजारच्या जोडीकडे दोन छोटे हात निघालेले दिसायला हवेत, डायनीन नावाच्या प्रथिनाचे. जोड्या एकमेकींवर सरकतात त्या याच हातांच्या जोरावर, आणि म्हणून शेपटी वळते. ते दिसेनात. छेद तिरका असला तरी हात पुसट होतात, म्हणून काप ठेवलेली जाळी, म्हणजे ग्रिड, कलवून पाहिली, दुसरे काप घेतले. तीन दिवसांत साठेक चांगले छेद जमले. हात कुठेच नव्हते.

१९७६ मध्ये ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी हेच दाखवलं होतं: शुक्राणू न हलणाऱ्या काही पुरुषांत डायनीनचे हात नसतात. श्वासनलिकेतला कफ वर ढकलणाऱ्या सिलियांमध्येही, म्हणजे पेशींवरच्या केसांसारख्या बारीक तंतूंमध्येही, तेच यंत्र असल्यामुळे त्यांना खोकला आणि सायनसचा त्रास कायमचा. गर्भात डावं-उजवं ठरवण्यातही अशाच सिलियांचा हात असतो. त्या बिघडल्या की ते नशिबावर पडतं, म्हणून अशा निम्म्या लोकांचं हृदय उजवीकडे असतं.

अहवालाबरोबर मी डॉक्टरांना एक चिठ्ठी लिहिली: सर्दी-खोकल्याचं विचारा, छातीचा एक्स-रे बघा.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. हृदय डावीकडेच होतं. सर्दी मात्र लहानपणापासून, आणि ती शुक्राणूंच्या डॉक्टरला सांगावी असं त्या माणसाला कधी वाटलंच नव्हतं.