दीड तासाचं माहेर

मुंबई ते नागपूर हवेतून सुमारे ६८५ किलोमीटर, विमानाला दीड तास. आई दर वेळी ऐकवते, "दीड तासाचा तर रस्ता, मग दर महिन्याला काऊन येत नाहीस?" आईने डोंबिवली पाहिलेली नाही. पहाटे साडेतीनला घर सोडायचं, बॅगांची रांग, तपासणीची रांग, मग धावपट्टीवर आपला नंबर लागेस्तोवर बसून राहायचं. हवेत म्हणाल तर जेमतेम सव्वा तास. पाणी पिऊन होत नाही तोच पट्टे बांधायची घोषणा. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून ऑटोने घरी पोचले तेव्हा नऊ वाजले होते. त्यापेक्षा विदर्भ एक्सप्रेस बरी, रात्रभर झोप तरी होते. परतताना मात्र विमानच. संत्रा बर्फीचा डबा रेल्वेत कल्याणपर्यंत टिकत नाही, मीच संपवते.