कासचा सडा: फुलं, गुरं आणि तीन हजार माणसं

साताऱ्याहून समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढला की पेट्रीच्या पुढे धुकं काचेला येऊन चिकटतं. तिथून कास, म्हणजे फुलांचं पठार, जवळच. साताऱ्यापासून एकूण अंतर पंचवीसेक किलोमीटर. हंगामात गाडी लांब लावून बसने यावं लागतं. त्यावर कुरकुर पुष्कळ ऐकू येते. पण दोन चाकं सड्यावर चढवून लावलेल्या गाड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात, ते कुरकुरत नाहीत.

सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. त्यावर माती कुठे वीतभर, कुठे बोटाच्या पेराएवढीच. पावसाळ्यात पाणी साचून राहतं आणि हिवाळा सरला की तोच कातळ तव्यासारखा तापतो. मोठ्या झाडाला इथे थारा नाही, म्हणून राज्य बुटक्या, हंगामी वनस्पतींचं. वाटेच्या कडेला गुडघे टेकून पाहिलं की ओल्यात नखाएवढी निळी-जांभळी फुलं दिसतात: सीतेची आसवं. खरी गंमत मातीखाली आहे. या रोपाच्या धाग्यांना बारीक फुगे असतात. पाण्यातला जीव तोंडाशी लागला की झाकण आत उघडतं आणि फुगा त्याला पाण्यासकट ओढून घेतो. मातीत नत्र फार कमी, म्हणून हा उद्योग. शेजारच्या दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी रोपाच्या लाल चिकट केसांवर एखादं चिलट अडकलेलं असतं.

एवढ्याशा थरावर बूट पडला की माती दबते, ठशात पाणी साचतं, बी वाहून जातं. फोटोसाठी एकजण वाट सोडतो आणि त्या ठशांवरून मागचे वीसजण जातात. संध्याकाळी तिथे नवी पायवाट झालेली असते. 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांपैकी एक म्हणून कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी आवरेनाशी झाली. मग दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आली. तिकीट, राखण, वाट दाखवणं ही कामं आसपासच्या कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांतली पोरं वन समितीमार्फत करतात.

कुंपणाचा मामला मात्र फसला, असं आमचं मत आहे. जाळी बसली, माणसं थांबली, पण गुरंही थांबली. गुरं उंच गवत खाऊन बुटक्या फुलांना ऊन मोकळं करतात. चराई बंद झाली की गवत माजतं आणि गेंद, सोनकी त्याखाली दबतात. पुढे जाळी काढली, हे बरंच झालं. पिढ्यान् पिढ्या गुरं चारणाऱ्यांना हे कळायला अभ्यासगट लागला नसता. घाटाईची देवराईसुद्धा कुंपणानं नव्हे, देवीच्या धाकानं टिकलीय.

अडचण पुढची आहे. फुलांचा पैसा सप्टेंबर-ऑक्टोबरपुरता, खर्च बारा महिन्यांचा. म्हणून कासच्या रस्त्याला लागून जमिनी विकल्या जातात आणि हॉटेलं उभी राहतात. त्यांवर तीन हजारांची मर्यादा लागू नाही.

जायचंच तर सप्टेंबरात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर. गर्दी कुंपणाच्या जुन्या फाटकापाशीच थबकते. राजमार्ग नावाच्या जुन्या वाटेने कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत चालत जा. टोपली कारवी हे झुडूप सात वर्षांनी फुलते, म्हणून यंदा फुललंय का ते निघण्याआधी समितीतल्या कुणाला तरी विचारा. जेवण खाली गावातल्या घरी सांगून ठेवलं तर ताजी भाकरी मिळते.